गावाच्या पानावरचं काढू, ठेवू, की "संदर्भ हवा" लावू?

कृष्णाकाठची (रविवार, रात्री १०:५०)

मंडळी, लांबण आहे, पण वाचा. गेली तीनेक वर्षं रात्री भांडी आवरली की तासभर मी मराठी विकिपीडियावर बसते. शुद्धलेखन, मेलेले दुवे, वर्ग घालणं, असली हमाली. मागच्या रविवारी पहिल्यांदा आमच्याच गावाचं पान उघडलं. (वाळवा तालुका. नाव देत नाही, नाहीतर सगळे तिकडेच पळाल.)

वाचून घाम फुटला. गावाचं नाव पांडवांनी ठेवलं. गावात ३६० विहिरी होत्या. महादेवाचं देऊळ "तज्ज्ञांच्या मते बाराव्या शतकातील हेमाडपंती". कोण तज्ज्ञ, कुठे म्हणाले, काही नाही. एका माजी सरपंचांनी पाणीयोजनेत काय "केलं" यावर अख्खा परिच्छेद. आणि शेवटी, १९४३ साली प्रतिसरकारचं (नाना पाटलांचं इंग्रजांविरुद्धचं भूमिगत सरकार) न्यायदान चावडीमागच्या चिंचेखाली व्हायचं. एकूण चौदा परिच्छेद, तळटीप एकही नाही.

मी अकरा काढले. सारांशात "संदर्भहीन मजकूर वगळला" लिहिलं आणि झोपले.

सोमवारी दुपारी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्या पानाच्या इतिहासाचा स्क्रीनशॉट. माझं सदस्यनाव म्हणजे माझंच नाव, त्यामुळे लपायची सोय नाही. संध्याकाळी तात्यांचा (चुलते) फोन. "परक्यानं काढलं असतं तर समजून घेतलं असतं. घरच्या पोरीनं काढलं." मी नियम सांगायला लागले, तर म्हणाले, "चिंचेखाली बसणाऱ्यांत तुझा आजा होता. त्याचं नाव होतं त्या ओळीत. वाचलंस तरी का काढताना?"

वाचलं होतं. खरं सांगायचं तर आजोबांचं नाव दिसलं म्हणून हात जरा जास्तच वेगाने चालला. घरचं म्हणून ठेवलं असं कुणी म्हणू नये.

तर प्रश्न असा, की अशा मजकुराचं तुम्ही काय करता? काढता, "संदर्भ हवा" चिकटवता, की बघून न बघितल्यासारखं करता?

भडंगवाला (रविवार, रात्री ११:०२)

ग्रुपमधून अजून काढलं नाही ना? मग तुम्ही जिंकलात.

वाईचा_ढोल्या (रविवार, रात्री ११:४०)

ताई, नियमाला धरूनच केलंत. पण अकरा आजारांना एकच गोळी दिलीत, तिथं बिघडलं.

सरपंचांचा परिच्छेद तुम्ही काढलात ते उत्तम. हयात माणसावर आरोप आणि खाली आधार नाही, तर तो त्याच मिनिटाला काढायचा, चर्चा नंतर. त्यात "संदर्भ हवा" लावून वाट बघणं म्हणजे एखाद्याच्या दारावर चोर लिहायचं आणि खाली बारीक अक्षरात "तपास चालू".

पांडव ही आख्यायिका. कुठे छापून आली असेल तर "अशी आख्यायिका सांगतात" म्हणून राहू शकते, इतिहास म्हणून नाही. ३६० विहिरी हा गोष्टीतला आकडा आहे. वर्षाचे दिवस ३६० धरले की गावोगाव तितकीच देवळं, तितक्याच विहिरी निघतात. तो काढा, कुणी रडणार नाही. देऊळ मात्र मी काढलं नसतं. बारावं शतक खरं असू शकतं, आणि कुणीतरी कधीतरी त्यावर लिहिलेलं असण्याची शक्यता आहे. तिथं "संदर्भ हवा" लावायचं, महिना-साल घालून, म्हणजे ती ओळ किती दिवस उधारीवर आहे ते वाचणाऱ्याला कळतं. चिंचेची ओळ मी उचलून चर्चा पानावर (लेखाला जोडलेलं, संपादकांनी बोलायचं पान) ठेवली असती. पानावरून गेली, पण कचऱ्यात नाही गेली.

अजून एक. ओळीखाली तळटीप नाही याचा अर्थ ओळ खोटी असा होत नाही. कुणी शंका घेतली तर पडताळता आली पाहिजे, इतकंच. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते यालाही तळटीप मागणारे भेटलेत मला. त्यांना मी म्हणतो, या एकदा पंचगंगेच्या देवळात, गोमुखाखाली हात धरा. पण एकदा का कुणी रीतसर हरकत घेतली, की पुरावा द्यायचं ओझं ज्याला ओळ ठेवायची आहे त्याच्यावर. काढणाऱ्यावर नाही. हे तात्यांना सांगून बघा. (पटणार नाही.)

दुष्काळी_जतकर (सोमवार, सकाळी ७:१५)

ढोल्याभाऊ, वाईत बसून हे बोलणं सोपं आहे. तुमच्याकडे विश्वकोशाचं ऑफिसच गावात. आमच्या जत पूर्व भागात या. आमच्याकडं पेपरवाला येतो दुष्काळ पडला की. फोटो काढतो, हंडे मोजतो, जातो. मग संदर्भासहित जे काही लिहिता येतं ते काय? तर टँकरच्या खेपा. गावातली यात्रा, गावातला कन्नड-मराठी भजनाचा फड, घोंगड्या विणणारी घरं, यातलं कुणी काही छापलेलं नाही. म्हणजे तुमच्या नियमाने आमच्या गावाला इतिहास नाही, फक्त टंचाई आहे.

मी तरी बिनसंदर्भाचं राहू देतो. नसण्यापेक्षा असलेलं बरं.

फ्लॅट_नं_३ (सोमवार, सकाळी ९:३०)

@जतकर, तळमळ पटली, निष्कर्ष नाही. "नसण्यापेक्षा असलेलं बरं" हे पिठल्याबाबत खरं आहे. चुकीची माहिती विकिपीडियावरून फोनवर जाते, फोनवरून शाळेच्या प्रकल्पवहीत. माझ्या भाच्याने "सांगली म्हणजे सहा गल्ल्या" असं परीक्षेत लिहिलं आणि पूर्ण गुण मिळवले.

सातारी_सासुरवाशीण (सोमवार, सकाळी ९:५२)

मग काय, सहा गल्ल्या नव्हत्या?

फ्लॅट_नं_३ (सोमवार, सकाळी ९:५५)

मोजल्या कुणी?

सातारी_सासुरवाशीण (सोमवार, सकाळी १०:२०)

माहेर सांगली, सासर सातारा, त्यामुळे दोन्हीकडची फजिती मला माहीत आहे. साताऱ्यात कुणालाही विचारा, सात डोंगर म्हणजे "सात तारा" असं छातीठोक सांगतील. १८८५ चं साताऱ्याचं जुनं इंग्रजी गॅझेटियर भलतंच सांगतं. किल्ल्याला भिंती, बुरूज, दरवाजे मिळून सतरा होते म्हणून सातारा. आता गंमत बघा. गॅझेटियरवालाही तिथे "होते असं मानतात" असंच लिहितो. म्हणजे साहेबानेही कुणा म्हाताऱ्याकडून ऐकलं आणि टिपलं. फक्त त्याचं छापलं गेलं, म्हणून तो संदर्भ. आमच्या सासूबाईंचं छापलं नाही, म्हणून त्या अफवा.

वाईचा_ढोल्या (सोमवार, सकाळी ११:०५)

वहिनी, हे झकास. म्हणूनच तिथं "साताऱ्याचं नाव सतरावरून पडलं" असं लिहायचं नसतं. "१८८५ च्या गॅझेटियरमध्ये अशी व्युत्पत्ती दिली आहे" असं लिहायचं. पहिल्या वाक्याची हमी आपण घेतो. दुसऱ्याची गॅझेटियर घेतं. पुढेमागे ते चुकीचं ठरलं तरी आपलं वाक्य खरंच राहतं.

भडंगवाला (सोमवार, सकाळी ११:०९)

"जयसिंगपूरचं भडंग सांगलीच्या भडंगापेक्षा चांगलं, असं काही लोक मानतात." हे आता बिनधास्त लिहितो.

सातारी_सासुरवाशीण (सोमवार, सकाळी ११:११)

"काही लोक" कोण, ते सांगावं लागेल. आणि कंदी पेढ्यांचं पान माझ्या नजरेखाली आहे, तिकडे फिरकू नका.

मिरज_जंक्शन (सोमवार, रात्री ९:४५)

एक कबुली द्यायची आहे. बरेच दिवस मनात होती.

२०१२ च्या सुमाराला मी नवा नवा होतो. कृष्णेवरच्या एका घाटाबद्दल लिहिताना बांधणीवरून मनाशीच अंदाज बांधला आणि ठोकून दिलं, "इ.स. १७८० च्या सुमारास बांधला". "सुमारास" लिहिलं की पाप लागत नाही असा तेव्हा समज होता. दोन वर्षांनी एका दैनिकाच्या पुरवणीत घाटावर लेख आला. त्यात १७८०, आणि माझा "सुमारास" गायब. पुढे उत्सवाच्या स्मरणिकेत तेच. मग कुणीतरी भल्या माणसाने विकिपीडियावर माझ्याच ओळीला त्या पुरवणीची तळटीप जोडली.

गेल्या वर्षी लाज वाटून मी ती ओळ काढली. अर्ध्या तासात कुणीतरी माझा बदल उलटवला. शेरा होता, "संदर्भ असलेला मजकूर काढू नये".

शंकासुर (सोमवार, रात्री १०:१०)

😂😂 जंक्शनराव, तुम्ही एकटे नाही. २००८ साली एका अमेरिकन पोराने इंग्रजी विकिपीडियावर कोआटी या प्राण्याच्या लेखात गमतीने एक टोपणनाव घुसडलं, "ब्राझीलियन आर्डव्हार्क". आर्डव्हार्क आफ्रिकेतला, कोआटी अमेरिका खंडातला, संबंध शून्य. ते नाव वर्तमानपत्रांत गेलं, पुस्तकातही गेलं. २०१४ ला उघडकीस येईपर्यंत त्याला रीतसर संदर्भ मिळालेले होते.

टोस्टरचा किस्सा त्याहून वरचढ. ॲलन मॅकमास्टर्स नावाच्या स्कॉटिश माणसाने १८९३ साली विजेचा टोस्टर शोधला म्हणे. २०१२ ला केलेली थट्टा, २०२२ पर्यंत टिकली. पकडली कुणी? पंधरा वर्षांच्या शाळकरी पोराने. त्याला लेखातला जुना फोटो बनावट वाटला. दहा वर्षं मोठ्या माणसांनी तळटिपा पाहिल्या, त्याने फोटो पाहिला.

फ्लॅट_नं_३ (सोमवार, रात्री १०:३०)

जंक्शन, ती ओळ पुन्हा काढा, पण या वेळी आधी चर्चा पानावर लिहा. तुमचा २०१२ चा बदल कोणत्या तारखेचा, पुरवणी कोणत्या तारखेची, दोन्ही शेजारी ठेवा. पानाचा इतिहास आहे कशाला? पुरवणी आपल्यानंतरची आहे हे दिसलं की कुणी उलटवणार नाही.

मिरज_जंक्शन (मंगळवार, सकाळी ८:००)

करतो. त्यासाठी स्वतःचा मूर्खपणा तारखेनिशी मांडावा लागेल, पण करतो.

अजिंक्य_वाट (मंगळवार, दुपारी १:२०)

माझं दुखणं उलटं आहे. लिंबची बारामोटेची विहीर. साताऱ्यापासून जवळ आहे, बऱ्याच जणांनी पाहिली असेल. तिथं संदर्भ दगडातच कोरलाय. शिलालेखात वीरूबाई भोसले यांचं नाव आणि शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४. कोणी आणि कधी बांधली याला यापेक्षा पक्का पुरावा कुठला? पण त्या शिलालेखाच्या जिवावर लोक बाकीचंही खपवतात. भुयार कुठवर जातं, आमराईत झाडं किती होती. सगळ्याला तळटीप एकच, "शिलालेख". शिलालेखात भुयार नाही हो!

आणि मोटा किती? नाव बारा मोटांचं, कुणी लिहितो एकावेळी पंधरा चालायच्या. मी जाऊन मोजायचं ठरवलं तर एका जाणत्याने सांगितलं, "ते तुझं मूळ संशोधन होईल, चालत नाही." म्हणजे विहिरीपाशी उभं राहून मोजलेलं चालत नाही, आणि न बघता छापलेलं चालतं?

वाईचा_ढोल्या (मंगळवार, दुपारी २:४५)

तुम्ही मोजाल ते आजची दगडी रचना. त्यावरून एकावेळी किती मोटा चालत होत्या हे काढणं हा अर्थ लावणं झालं, ते अभ्यासकाचं काम. पण तिथं जाऊन शिलालेखाचा आणि मोटेच्या जागांचा स्वच्छ फोटो काढून कॉमन्सवर (विकिपीडियाच्या फोटोंचं कोठार) चढवा. फोटोला कुणी अडवत नाही. वाचणारा स्वतः मोजेल.

दुष्काळी_जतकर (मंगळवार, रात्री ८:३०)

फोटो चालतो, डोळा चालत नाही. बरं.

कृष्णाकाठची (मंगळवार, रात्री ११:१५)

सगळं वाचतेय. ढोल्यादादांनी सांगितल्याप्रमाणे चिंचेची ओळ चर्चा पानावर ठेवली. पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. प्रतिसरकार भूमिगत होतं. नाव गावात कुणी घ्यायचं नाही, कागद ठेवायचा नाही, ठेवला तर जाळायचा. आणि आता मी विचारतेय, आजोबा चिंचेखाली बसत होते याचा छापील पुरावा दाखवा. भूमिगतांनी हजेरीपट ठेवला असता तर ते पकडले गेले नसते का?

घरी ताम्रपट आहे. १९७२ चा. आमच्या देव्हाऱ्यावर गणपतीच्या तसबिरीमागे असतो, दसऱ्याला आई चिंचेने घासते. त्यावर आजोबांचं नाव आहे. तो संदर्भ होतो का?

फ्लॅट_नं_३ (बुधवार, सकाळी ८:४०)

ताम्रपटावर नाव आहे, चिंच नाही. त्यावरून ते स्वातंत्र्यसैनिक होते इतकंच दिसतं. शिवाय तो तुमच्या घरात आहे, मला पडताळायचा असेल तर तुमच्या देव्हाऱ्यात शिरावं लागेल. राग मानू नका.

सातारी_सासुरवाशीण (बुधवार, सकाळी १०:१०)

राग मी मानते, तिच्या वतीने. पण प्रतिसरकारवर कागद नाही असं मात्र नाही. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली, ती तारखेनिशी नोंदलेली आहे. कासेगावला राहिलेल्या गेल ऑम्व्हेट यांनी प्रतिसरकारवर संशोधन करून लिहिलंय. नाना पाटलांवर, तुफान सेनेवर भरपूर छापलंय. तुमच्या गावाचं नाव त्यात कुठे येतं का ते आधी बघा. आणि ताई, एक गोष्ट लक्षात ठेवा. सांगलीच्या खणात शोधून सापडणार नाही. तुमचा जिल्हा १९४९ ला वेगळा झाला, तोही "दक्षिण सातारा" म्हणून. सांगली हे नाव १९६० ला. त्याआधीचं सगळं साताऱ्याच्या नावाखाली. १८८५ च्या साताऱ्याच्या खंडात वाळवा तालुका आहे. ग्रंथालयात सगळे सांगली-सांगली करत कपाटं उलथतात आणि हात हलवत परत येतात.

भडंगवाला (बुधवार, सकाळी १०:१४)

म्हणजे मूळचे तुम्ही सातारकरच. आता गप पेढे खा.

शंकासुर (बुधवार, दुपारी ४:००)

तोंडी इतिहासाबद्दल: २०११ साली यावर एक प्रयोग झाला होता. मल्याळम, हिंदी आणि दक्षिण आफ्रिकेतली सेपेडी, या तीन भाषांत लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, त्या सगळ्यांना ऐकता येतील अशा चढवायच्या, आणि त्याच संदर्भ म्हणून द्यायच्या. जतकरांचं जे म्हणणं आहे तेच त्यांचंही होतं, की छापलं गेलं नाही म्हणजे ज्ञान नाही असं नव्हे. नियम काही बदलला नाही. पण मला विचाराल तर, तात्यांना फोनवर समजावण्यापेक्षा त्यांच्यासमोर फोन ठेवून रेकॉर्ड करा. विकिपीडियाला उपयोग होवो न होवो.

पाटणचा_पोऱ्या (बुधवार, संध्या. ७:२०)

एवढं कशाला करताय? एआयला सांगायचं, "या परिच्छेदाला संदर्भ दे". दोन मिनिटांत पाच देतो.

मिरज_जंक्शन (बुधवार, संध्या. ७:५०)

भावा, देतो. मलाही दिला होता. पुस्तकाचं नाव, प्रकाशनवर्ष, पान क्रमांक १४३. मी ग्रंथालयात गेलो. तिथल्या बाईंनी नोंदवही पाहिली, कार्डं पाहिली, मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "या महिन्यात असली पुस्तकं मागणारे तुम्ही तिसरे." बिनसंदर्भाची ओळ निदान कबूल तरी करते की माझ्यापाशी काही नाही. हे खोटं रेशनकार्ड काढण्यासारखं आहे.

पाटणचा_पोऱ्या (बुधवार, संध्या. ७:५२)

इषय संपला. माघार.

कृष्णाकाठची (बारा दिवसांनी, रविवार, दुपारी ३:३०)

धागा वर काढतेय. दोन शनिवार ग्रंथालयात घातले, त्याचा हिशेब.

सांगलीच्या १९६९ च्या गॅझेटियरमध्ये आमच्यासाठी काही हाती लागलं नाही. १८८५ च्या साताऱ्याच्या खंडात (वहिनी, उपकार) वाळव्याचं बरंच आहे, आमचं गाव एका यादीत नुसतं नावाने. पण नाव तरी आहे. जनगणनेच्या पुस्तिकेतून लोकसंख्या, शाळा, पाण्याची सोय मिळाली, ते तळटिपांसकट घातलं. देवळावर काहीच सापडलं नाही. बारावं शतक आणि तज्ज्ञ दोघंही काढले, "महादेवाचे दगडी मंदिर आहे" एवढं ठेवलं. त्याला फोटो पुरला.

आणि चिंच. ती सापडली! तात्यांनीच शोधली. गेला आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते, पण माळ्यावर चढून गावच्या शाळेची रौप्यमहोत्सवी स्मरणिका घेऊन आले. वाळवीने कडा खाल्लेल्या. एका निवृत्त हेडमास्तरांच्या लेखात दोन ओळी आहेत, चळवळीच्या काळात चावडीमागच्या चिंचेखाली तंटे मिटवले जात. माणसांची नावं नाहीत.

शाळेची स्मरणिका म्हणजे मोठा आधार नव्हे, कबूल. म्हणून ढोल्यादादांच्या पद्धतीने लिहिलं, "शाळेच्या स्मरणिकेतील आठवणींनुसार". आजोबांचं नाव घातलं नाही. तात्यांना सांगितलं तेव्हा "बरं" म्हणाले. त्यांचं "बरं" कसं असतं ते ज्यांना तात्या आहेत त्यांना कळेल. त्यांचं रेकॉर्डिंग केलं, एक तास दहा मिनिटं. त्यातली चाळीस मिनिटं भाऊबंदकी.

चिंच आता नाही. २०१९ च्या पुरात पडली.

दुष्काळी_जतकर (रविवार, दुपारी ४:१०)

चौदा परिच्छेदांचे किती राहिले?

कृष्णाकाठची (रविवार, दुपारी ४:१२)

पाच. तीन पहिल्याचे, दोन नवे.

दुष्काळी_जतकर (रविवार, दुपारी ४:३०)

हं. आमच्या शाळेची पण एक स्मरणिका होती. बघतो कुणाच्या माळ्यावर आहे का.

मिरज_जंक्शन (रविवार, संध्या. ६:००)

घाटाची ओळ गेली. या वेळी कुणी उलटवली नाही. स्मरणिकेत मात्र १७८० अजून आहे, आणि यंदाच्या उत्सवाच्या फ्लेक्सवरही.

वाळवेकर_तात्या (रविवार, रात्री ९:२०)

नमस्कार. वर उल्लेख आलेला चुलता तो मीच. नातवाने खातं काढून दिलं. सर्वांचे लेख वाचले. एक दुरुस्ती आहे. चिंच पुरात पडलेली नाही. पुराच्या आधी दोन वर्षं रस्ता रुंद करताना तोडली. कृपया सुधारावे.

कृष्णाकाठची (रविवार, रात्री ९:२६)

तात्या, संदर्भ?

वाळवेकर_तात्या (रविवार, रात्री ९:४१)

न्हाणीतला पाट कशाचा आहे तुझ्या आईला विचार.